सावरखेड्याची काचेची तार

वर्धा स्टेशनावर मला घ्यायला दोघं आली होती आणि दोघांपैकी कुणीही मला हाक मारली नाही. गाडीतून उतरून मी बॅगेचा पट्टा सोडवत होते. मान वर केली तर फलाटाच्या पार त्या टोकाला शीतल उभी. तिनं दोन बोटांनी नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवल्यासारखं केलं. ते माझं नाव. सांगलीकडच्या ज्या शाळेत मी कर्णबधिर मुलांना शिकवण्यात सगळी नोकरी घालवली, तिथल्या मुलांनी मला हे नाव दिलं आणि ते मला माझ्या खऱ्या नावापेक्षा जवळचं आहे. मीही उजव्या गालावर बोट टेकवून तिचं नाव घेतलं. शीतलच्या गालाला खळी पडते. निदान तेव्हा पडत असे.

जवळ आल्यावर तिनं पाया पडून माझी बॅग घेतली. तिचा नवरा प्रफुल हसला, त्यानंही नमस्कार केला. तोही ऐकू न येणारा. दोघांची गाठ पडली ती कर्णबधिरांच्या वधूवर मेळाव्यात. सांगलीची मुलगी एवढ्या लांब द्यायची म्हणून तिची आई रडली होती. त्याहून जास्त रडली होती कोमल, शीतलची जुळी बहीण. तिलाही ऐकू येत नाही. शाळेत दोघी एका बाकावर बसत आणि फळ्याकडे पाठ करून एकमेकींशी इतक्या बोलत, की शेवटी मी त्यांना वेगवेगळ्या रांगांत बसवलं. मग त्या वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे बोलू लागल्या.

मी इतक्या लांब आले त्याला कारण एक फोन होता. "शीतलची सासू बोलतो मी," असा आवाज आला तेव्हा मी क्षणभर गोंधळले. विदर्भात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. "बाई, पोरीचे हात उगे (गप्प) झाले हो. जेवते, काम करते, पण बोलत नाई. माह्याशी नाई, प्रफुलशी बी नाई. कायचं दुख हाय ते मले समजत नाई. तुमी एकडाव येऊन पाहून जा ना." त्या बाईंना मी लग्नात एकदाच पाहिलं होतं. सुनेचे हात गप्प झाले हे ज्या सासूच्या लक्षात येतं, तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी निवृत्त, एकटी. गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं आणि सोबत सांगलीचे बेदाणे घेतले.

वर्ध्याहून हिंगणीपर्यंत आम्ही बसनं गेलो. डिसेंबरची कोवळी थंडी होती. खिडकीतून दोन्ही बाजूंना कापूस. बोंडं फुटून पांढरी झालेली, मधूनच तुरीचे पिवळे-हिरवे पट्टे, एखादी संत्र्याची बाग. ऊसमळे पाहून मोठी झालेली मी. मला ही जमीन फार मोकळी वाटली. वाऱ्याला कुठे अडायलाच जागा नाही.

हिंगणीला प्रफुलची मोटारसायकल एका ओळखीच्या दुकानापाशी उभी होती. पुढं सावरखेड्यापर्यंत जायला तीच एक सोय. पुढे प्रफुल, मध्ये मी आणि मागे शीतल असे आम्ही निघालो. बोर धरणाचं जंगल जवळ येत गेलं, सागाची वाळलेली पानं रस्त्यावर खरखरायला लागली. मधूनच प्रफुल मान हलवायचा. तो कुणाला हो म्हणतोय ते मला कळेना. मग पाहिलं तर माझ्या खांद्यावरून शीतलचा हात पुढं आलेला आणि ती गाडीच्या आरशात खुणा करत होती. तो आरशात वाचत होता. "डावीकडे खड्डा," एवढंच ती सांगत होती. कामापुरतं. बाकी वाटभर आरसा रिकामाच होता.

घर गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे. विटांच्या भिंती, वर टिनपत्रे आणि पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापसाचा ढीग. कमलाबाई, म्हणजे शीतलच्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. प्रफुल लहान असल्यापासून त्याच्याशी बोलायला त्यांनी स्वतःच्याच खुणा बनवल्या. कुठे शिकायला गेल्या नाहीत. त्या बोलताना तोंड आणि हात एकदम चालतात आणि दोन्हीही मोठ्यानं.

"सांभार टाकू का वरून?" जेवताना त्यांनी विचारलं. मी इडलीबरोबरचं सांबार समजून नको म्हटलं, तर त्यांना वाईट वाटलं. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. मग मी मागून घेतली. तुरीच्या ओल्या सोल्यांची (दाण्यांची) भाजी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. अशी भाजी मी आजवर खाल्ली नव्हती. शीतल वाढत होती. तिला मी 'आवडलं' अशी खूण केली. ती मान हलवून आत गेली. कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, 'पाह्यलं ना?' असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल मला गाव दाखवायला घेऊन गेली. गावात पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली आणि सांगितलं, "इथं रेंज येते." फोनवर सांगलीशी बोलायला ती दोन वर्षं याच पायरीवर येऊन बसत होती. ऐकणाऱ्या माणसाला रेंज कमी असली तर तो ओरडतो, पुन्हा विचारतो, आवाज तुटक आला तरी अर्थ जुळवतो. पण हातांनी बोलणाऱ्याचं चित्र थांबलं की बोलणंच संपतं. अर्धा उचललेला हात म्हणजे अर्धा शब्द नव्हे. तो बऱ्याचदा भलताच शब्द असतो.

तसंच झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात सांगलीला दोघी बहिणींच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. शीतल या पायरीवर आली, कोमलला म्हणाली, मी निघते. कोमलनं हात उचलला, "नको येऊ" म्हटलं आणि चित्र तिथंच अडकलं. भुवया आवळलेल्या, ओठ वाकडे. आमच्या भाषेत चेहरा म्हणजे आवाजाची पट्टी. शीतल त्या चिडलेल्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. नंतर लेखी निरोप आला, "आई ठीक. तू नको." लिहिलेली मराठी या मुलींसाठी परकीच भाषा असते; जमेल तेवढे शब्द एकापुढे एक ठेवायचे. पण वाचणारीलाही तेच शब्द दिसले. तू नको.

"मग तू विचारलं नाहीस?"

"पुन्हा लावला तर पुन्हा अडकायचं. मग तिचा फोन आला, मी उचलला नाही. नको म्हणाली ना? मग नको." शीतल जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली. "आईचं दुखणं मी पाहिलंच नाही. प्रफुल म्हणाला चल जाऊ. मला नको म्हटलेल्या घरी मी कशी जाऊ?"

मी पर्समधून फोन काढला. म्हटलं, मी तुमच्या आईशी बोलते, दोन मिनिटांत उलगडा होईल. कोमलला काय म्हणायचं होतं ते विचारून घेते.

शीतलनं माझे दोन्ही हात धरले आणि खाली दाबले. आमच्यात कुणाचे हात धरणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. तिनं एवढ्या वर्षांत माझ्याशी असं कधी केलं नव्हतं. मग हात सोडून ती म्हणाली, "बाई, तुम्ही मधे नको. भांडण माझं आहे. मला स्वतः भांडायचं आहे. नीट, शेवटपर्यंत."

मी फोन परत ठेवला. तिचं बरोबर होतं. लहानपणापासून या मुलींच्या वतीनं सगळे बोलत आलेले असतात. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या बैठकीतसुद्धा. आता भांडणही दुसऱ्यानं करून द्यायचं?

टाकीवरून उतरताना ग्रामपंचायतीच्या पायरीवर एक लांबुडका तरुण केळी खात बसलेला दिसला. हा अंकुश, पुलगावचा. गावात वेगवान इंटरनेटची तार घरोघर न्यायचं काम त्याच्याकडे होतं. पंचायतीत त्याचं यंत्र कधीच येऊन बसलं होतं, पण बरीच वर्षं कुलुपातच होतं. आता ते जागं झालं होतं. शाळेत तार पोचली होती, गावातल्या घरांत पोचत होती. मी त्याला नाल्यापलीकडच्या घराचं विचारलं. त्याचा चेहरा पडला.

"मावशी, त्या घरापर्यंत दोनदा नेली तार रस्त्याच्या कडंनं. दोन्ही डाव पाण्याच्या पाइपवाल्यायनं खोदून तोडली. आता धुऱ्यावरून (बांधावरून) नेली तरच टिकन. पण ते वावर देवरावजीचं हाय अन् ते नाई म्हनतात. मले तं दोनचार दिवसांत पुढच्या गावाले जा लागते. मंग इकडं कधी येनं होईन, काई सांगता येत नाई."

शीतल त्याच्या ओठांकडे पाहत होती. ओठ वाचणं तिला फारसं जमत नाही, पण तिला समजलं. मी सांगायच्या आधीच ती घराकडे चालू लागली.

देवराव म्हणजे कमलाबाईंचे धाकटे दीर. भावाच्या मागे शेताची वाटणी झाली, तेव्हा त्याच धुऱ्यावरून दोन्ही घरांत वितुष्ट आलं. तेव्हापासून वहिनी-दिरात बोलणं नाही. घरं एकमेकांना दिसतात. मी कमलाबाईंना सगळं सांगितलं, टाकीच्या पायरीवरचंही. त्या ऐकत होत्या आणि हातातलं सूप तसंच राहिलं होतं. शेवटी म्हणाल्या, "सा महिने पोरगी एवढं पोटात घेऊन बसली अन् मले म्हाईत नाई." मग पदर डोक्यावर घेतला. "चाला बाई. तुमी सोबत असा."

देवराव त्यांच्या वावरातच होते. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडांच्या) रांगांत कमरेपर्यंत बुडालेले, डोक्याला पंचा बांधलेला. आम्हाला पाहून सरळ उभे राहिले. कमलाबाई धुऱ्यावरच थांबल्या. मग देवराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यांले इचारा, काय पाह्यजे."

कमलाबाईही मलाच म्हणाल्या, "त्यांले सांगा, सुनेसाठी तार न्याची हाय धुऱ्यावरून."

"यांले सांगा, धुऱ्याले लागून माही पऱ्हाटी हाय. बोंडं फुटलेत. खोदनाऱ्यायचे पाय पडतीन, कापूस मातीत जाईन. येचनं झालं की खोदा, माही ना नाई."

"त्यांले इचारा, येचनं कधी होईन?"

"मजूर भेटत नाई म्हना. महिना लागते."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर. दोघांनाही स्वच्छ ऐकू येत होतं. जन्मभर मी दुभाष्याचं काम केलं, पण असं कधी केलं नव्हतं. मी इकडून तिकडे मान वळवत होते आणि दोघंही एकमेकांचं ऐकूनसुद्धा मी सांगायची वाट बघत होती.

कमलाबाईंनी पदर कमरेला खोचला, त्याची ओटी बांधली आणि धुऱ्यावरून खाली उतरल्या. कुणालाही न विचारता पहिलं बोंड ओढलं. "मी येचतो," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुमी काऊन—" देवराव बोलून गेले आणि थांबले.

कमलाबाईंचा हातही थांबला. मी धुऱ्यावर उभी होते. आता मला कुणी काही सांगायला सांगत नव्हतं.

"माह्या सुनेचं काम हाय," कमलाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी नाई येचन तं कोन येचन? कापूस तुमच्याच घरी टाकतो, काळजी करू नका."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी धुऱ्यालगतच्या ओळी वेचल्या. शीतल आणि प्रफुल आले, मीही ओटी बांधली. कापूस मऊ, पण बोंडाची वाळलेली टोकं सुयांसारखी. तासाभरात माझी बोटं ओरखडली. शीतलनं एकदा येऊन मला दाखवलं की पाचही बोटांनी एकदम कसं उपसायचं, आणि माझा ढीग बघून मान हलवली. मी शिकवताना जशी हलवायची तशीच. देवराव शेजारच्या ओळीत होते. दुपार कलताना त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं, "गुडघा कसा हाय वहिनी?" कमलाबाई म्हणाल्या, "हाय तसाच." बोलणं एवढंच झालं. पण निघताना देवरावांनी कमलाबाईंची ओटी स्वतः उचलून गंजीवर रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी खोदायला गावातली माणसं आली. शेजारधर्म म्हणून काही आले, तर देवरावांच्या वावरात कमलाबाई उतरल्या आहेत हे पाहायलाच काही आले असावेत. अंकुशनं दोरी आखून दिली. कुदळी चालू लागल्या. देवराव स्वतः पुढे होते. हातभर खोल चर, त्यात निळी नळी, नळीत तार. जेवणाला रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. बिब्ब्याच्या झाडाखाली पंगत बसली. मी माझे बेदाणे काढले, म्हटलं जेवणानंतर सगळ्यांना वाटू. पिशवी बाजूला ठेवून हात धुवायला वळले तर मागून कमलाबाई ओरडल्या, "बाई! वानर!"

काळ्या तोंडाचं मोठं वानर सांगलीचे बेदाणे घेऊन फांदीवर बसलं होतं. त्यानं पिशवी फाडली, एक बेदाणा चावून पाहिला, आणि मग एकेक करून सावकाश, आमच्याकडे बघत खाऊ लागलं. मी खालून "अरे, अरे" करत होते. तेव्हा एक आवाज आला, मोठा, भसाडा, मधेच चिरकणारा. शीतल हसत होती. तिला स्वतःचं हसणं ऐकू येत नाही म्हणून ते असं मोकळं असतं. शाळेत मला दोन वर्ग पलीकडून ते ओळखू यायचं. तिनं वानराची नक्कल केली, मग माझी केली, मग दोघांची एकत्र. प्रफुल पोट धरून खाली बसला. कमलाबाई हसत नव्हत्या. त्या तोंडाला पदर लावून सुनेच्या हातांकडे नुसत्या बघत होत्या.

दुपारनंतर खरी परीक्षा होती. अंकुशनं मला ती तार उलगडून दाखवली. आत केसाएवढी काच. तिच्यातून उजेड जातो आणि त्या उजेडावर बसून सगळं बोलणं जातं, असं तो म्हणाला. तो पंचायतीतून लाल उजेड सोडणार, आणि घराच्या टोकाला तो दिसला तर तार धड आहे. दिसतो की नाही हे त्याला कुणीतरी कळवायला हवं होतं. घरापाशी फोन लागत नाही. ओरडून ऐकू जाईल एवढं जवळ नाही. तो डोकं खाजवत उभा राहिला.

प्रफुलनं शीतलकडे पाहिलं. दोघं लगेच दोन दिशांना निघाली. शीतल पंचायतीच्या चौथऱ्यावर चढून उभी राहिली, प्रफुल घराच्या ओट्यावर, मध्ये नाला आणि सगळं देवरावांचं वावर. मी प्रफुलजवळ होते. त्यानं दोन्ही हात उंच करून विचारलं, "सोडला?" एवढ्या लांबून शीतलची आकृती बोटाएवढी दिसत होती, पण तिचे हात स्वच्छ वाचता येत होते. "सोडला."

तारेचं टोक काळं होतं. प्रफुलनं नकार दिला. तिकडे शीतल वाकून अंकुशला काहीतरी दाखवत होती. काही वेळानं पुन्हा हात वर. "आता?" पुन्हा नाही. कमलाबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. तिसऱ्यांदा शीतलचे हात वर गेले आणि त्याच वेळी माझ्या समोर, त्या केसाएवढ्या काचेच्या टोकावर, कुंकवाचा कण ठेवावा तसा लाल ठिपका पेटला.

प्रफुलनं "आला" अशी खूण केली नाही. तो ओट्यावरच नाचायला लागला. पलीकडे चौथऱ्यावर शीतल पण नाचत होती. मधल्या वावरात देवराव कुदळ घेऊन उभे, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत.

अंकुशनं येऊन घरातलं छोटं यंत्र जोडलं, त्याचे हिरवे दिवे लागले आणि वीज गेली.

"आता ब!" कमलाबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. वीज यायला संध्याकाळ झाली. तोवर कुणी घरी गेलं नाही. देवरावही ओट्याच्या कडेला टेकले होते. कमलाबाईंनी त्यांना चहा दिला, त्यांनी घेतला. आणि एकीकडून बरंच झालं, कारण कोमल एका शिवणकारखान्यात काम करते, ती संध्याकाळीच घरी येते.

दिवे लागले. शीतलनं केस सारखे केले, फोन कापसाच्या ढिगाला टेकवून उभा केला आणि समोर मांडी घालून बसली. फोन लागला. पडद्यावर कोमल आली. अडकली नाही, विरली नाही. तिच्या नाकातली मोरणीसुद्धा दिसत होती. मग शीतलचे हात उडाले.

मी पाठ फिरवली. आमच्या भाषेत बघणं म्हणजे ऐकणं. तिथं थांबून पाहिलं असतं तर ते दाराला कान लावल्यासारखं झालं असतं. पण पाठीमागे हातावर हात आपटल्याचे आवाज येत होते, चटाचट. बांगड्या वाजत होत्या. मधेच शीतलच्या तोंडून रागाचा हुंकार. कमलाबाई घाबरल्या.

"काय चाललं हो बाई? भांडून राह्यल्या काय?"

"हो. जोरात."

त्यांनी वाकून एकदा आत पाहिलं. "मंग बरं हाय," म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या.

भांडण भाजी शिजेपर्यंत चाललं. मग आवाज थांबले. मला वाटलं, पुन्हा अडकलं की काय. न राहवून वळले. शीतल रडत होती, पडद्यावर कोमलही रडत होती, आणि रडता रडता कोमल विचारत होती, "हे काय करतेस? ही कुठली खूण?" शीतलच्या बोलण्यात कमलाबाईंच्या घरगुती खुणा शिरल्या होत्या. 'ऐक तर' साठी कमलाबाई कानाची पाळी ओढतात, तशी तीही ओढत होती. सांगलीच्या बहिणीला ती खूण समजत नव्हती. शीतल डोळे पुसत तिला सासूची खूण शिकवू लागली. मी पुन्हा पाठ फिरवली.

रात्रीच्या जेवणाला शीतलनं स्वतःहून सांगितलं. कोमलचं वाक्य होतं, "नको येऊ एकटी." मी तुला न्यायला येते, असं ती पुढे म्हणत होती. ती बॅग भरून फोनची वाट बघत बसली होती. शीतलनं फोन उचलला नाही म्हणून तिला वाटलं, सासरी गेली आणि आम्हाला विसरली. चिडलेला चेहरा आईच्या काळजीचा होता. आई आता हिंडू-फिरू लागली आहे. उद्या तिच्याशी बोलायचं ठरलं आहे. सगळं सांगून झाल्यावर शीतलनं प्रफुलच्या पाठीवर एक चापट मारली. "आणि हा मला म्हणतो, मी भांडखोर." प्रफुलनं माझ्याकडे बघून, तिला दिसेल अशा बेतानं, "आहेच" म्हटलं. तिच्या गालाला खळी पडली.

परतीच्या दिवशी कमलाबाईंनी तुरीची नवी डाळ बांधून दिली. "पुन्ना येजो बाई," म्हणाल्या आणि मग हातांनीही तेच म्हणाल्या, त्यांच्या खुणेनं. मला ती समजली. अंकुश आधीच पुढच्या गावाला गेला होता. हिंगणीकडे जाताना मी पुन्हा दोघांच्या मध्ये बसले होते. पण या वेळी माझ्या खांद्यावरून शीतलचा हात सारखा पुढं येत होता. प्रफुल आरशात बघून हसत होता आणि मला मात्र सारखी भीती, की हा समोर बघतोय की नाही.

गाडीत बसल्यावर मनात बरंच येत गेलं. आम्ही शहरातली माणसं वेगाच्या गोष्टी करतो तेव्हा कामाच्या गोष्टी करतो. काय लवकर मिळेल, काय घरबसल्या होईल. सावरखेड्यात मी पाहिलं ते निराळंच होतं. तिथं एका मुलीला तिचं वाक्य पुरं करता यायला हवं होतं, आणि समोरच्या माणसाचं पुरं वाक्य तिला दिसायला हवं होतं. तेवढ्यासाठी एवढी माणसं दोन दिवस एका धुऱ्यावर राबली.

सांगलीला आल्यावर तीनचार दिवसांनी डाळीतली निम्मी घेऊन मी कोमलकडे गेले. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ओट्यावर बरणीला टेकवून फोन उभा, आणि त्यात शीतल खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी दारात थांबले. म्हटलं, बोलून होऊ दे. पण कुणी बोलतच नव्हतं. कोमल भाकरी तव्यावर टाकत होती, शीतल शेंगा सोलत होती. मधेच एखादी मान वर करी, दुसरी आहे एवढं पाही आणि पुन्हा आपल्या कामाला लागे.

कोमलनं मला पाहिलं, हसली. मी विचारलं, "फोन चालू राहिलाय, बंद करायचा राहिला का?"

"नाही," ती पिठाच्या हातांनीच म्हणाली. "ती आहे." आणि मला बसायला पाट सरकवून तिनं फोन जरासा वळवला, म्हणजे शीतललाही मी दिसेन.